सोवळ्याची तार

१० जुलै १९४४, सांगली

साताऱ्यात लिहिलेली पानं काल फाडून बंबात घातली. त्यात रडण्यापलीकडे काही नव्हतंच. पोटातलं मूल गेलं ते गेलं, त्यावर आणखी किती शाई नासायची? नवं गाव, नवं बिऱ्हाड, तेव्हा वहीही नवी. दुपारी सासूबाई जरा पडतात, तेवढा वेळ माझा.

यांच्या मालकांची इथे हळदीची वखार आहे, तिथे यांना कारकून म्हणून धाडलंय. संध्याकाळी घरी येतात ते कानाच्या पाळीपर्यंत पिवळे होऊन. मी म्हटलं, रोज हळद लागलेला नवरदेव घरी येतो, माझ्याइतकी भाग्यवान कोण. हे हसले, सासूबाई हसल्या नाहीत. त्या हसत नाहीतच.

घर लालासाहेबांचं. पलूसला त्यांचा ऊस आहे. हे घर त्यांनी चार वर्षांपूर्वी बांधलं, पुढच्या भागात ते आणि राहीबाई राहतात, मागच्या दोन खोल्या आम्हाला. त्यांचा मुलगा सयाजी पलटणीत विजेचं काम शिकला, आणि एका रजेत त्यानेच घरभर तारा ओढून दिवे लावले. घासलेट रेशनवर, मिळेल तो दिवस दिवाळीचा, म्हणून यांना हे घर बघताक्षणी आवडलं. बटण दाबलं की उजेड. सासूबाई म्हणाल्या, "दिव्याला वात नाही, तेल नाही. नमस्कार करायचा तो नेमका कशाला?" 

त्यांना खरी काळजी होती ती सोवळं वाळत घालायची. वाईला आमच्या मूळ घरी स्वयंपाकघरात आढ्याला बांबू टांगलेला होता, कुणाचा हात पोचू नये असा. लालासाहेबांनी ती सोय आधीच करून ठेवलेली. दाराबाहेर उभे राहून त्यांनी बोटाने दाखवलं, आत पाऊल टाकलं नाही. "आईसाब, तुमचं सवळं आमाला ठावं हाय. म्या सोता तार बांधलीया. त्या दिव्याच्या लोखंडी दांडीपास्नं पार खुंटीपत्तर. बांबूला भुंगा लागतोय, हिला काय बी हुयाचं न्हाई."

सासूबाईंनी तार निरखली आणि मान हलवली. "चांगलं केलंत. धातूला विटाळ नसतो." वाईहून आणलेली सोवळ्याची काठी त्यांनी कोपऱ्यात उभी केली आणि आमचा संसार लागला.

१७ जुलै

पाऊस उघडीप देत नाही. सोवळ्याचं लुगडं आज धुवून टाकलं तर उद्या पहाटेपर्यंत दमटच. रिवाज असा, की पहाटे मोरीत नहायचं आणि ओल्या अंगाने काठीवर लुगडं उतरवून तसंच नेसायचं, म्हणजे मध्ये कशाचा स्पर्श नको. पण दमट नऊवारी काठीला का जुमानते? शेवटी टाचा उंच करून हाताने ओढावं लागतं.

आज ओढताना बोटांपासून कोपरापर्यंत काहीतरी सरसरत गेलं. मुंग्या आल्यासारखं, पण मुंग्यांना दात असावेत तसं. मी हात सोडला आणि उभी राहिले. थंडीने असेल. नेसले, चूल पेटवली, पोह्यांत मीठ जरा जास्त पडलं. कुणाला बोलले नाही.

२३ जुलै, रविवार

तीनदा झालं. कालचं तर खांद्यापर्यंत. शेवटी सासूबाईंना सांगितलं.

त्या म्हणाल्या, "मला कसं काही होत नाही?" खरंच होत नाही. त्या माझ्यामागून नहातात, तोवर बाहेर फटफटलेलं असतं. कोरड्या पाटावर उभ्या राहून काठीने आपलं तांबडं आलवण खाली घेतात, तेवढाच त्यांचा तारेशी संबंध.

दुपारी यांनी परीक्षा घेतली. पाटावर चढले, तार मुठीत धरली आणि मला म्हणाले, "चावते का बघ. पाळलेली दिसते." पुन्हा हसले. म्हणजे उरले कोण, मीच की.

रात्रीच्या जेवणानंतर सासूबाई म्हणाल्या, "तार नाही चावत, विटाळ चावतो. नहातेस तेव्हा मन कुठे असतं तुझं? काही शिवतेस का? आठव." आठवत बसले आहे. परवा राहीबाईंच्या मांजराने पायाला अंग घासलं होतं. ते एक. आणि साताऱ्याला ते मूल गेलं तेव्हा दवाखान्यातल्या बाईने मला पाणी पाजलं, ती कोण कुठली मी विचारलं नव्हतं. तेही असेल का? एवढं जुनं लागतं का?

३० जुलै

आज जे ऐकलं ते लिहू नये असं वाटतंय, पण लिहिलं नाही तर डोक्यात घुमत राहील.

मागच्या अंगणात तांदूळ निवडत होते, राहीबाई कट्ट्यावर येऊन बसल्या. जीव लावणारी बाई आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आवाज बारीक करून म्हणाल्या, "वैनी, सांगू नये पर सांगती. जपून ऱ्हावा. तुमच्या आधी हितं तुमच्यातलंच बिऱ्हाड हुतं. त्येची बायकू पोटुशी. सकाळच्या पारी सैपाकघरात पडली ती पडलीच. दातखीळ बसली. वलं लुगडं तसंच हातात."

"कशाने?" मी विचारलं.

"काय ठावं. डाक्तर म्हनला काळीज बंद पडलं. आमचं मालक लय रडलं. त्या मानसानं बिऱ्हाड मोडलं आन् गेला मुलुख सोडून."

मी आत गेले तर सासूबाई अंथरुणावर उठून बसल्या होत्या. झोप लागली नाही म्हणाल्या. खिडकी अंगणात उघडते, पण त्यांना ऐकू कमी येतं असं मी धरून चाललेय.

आता विटाळाची भीती बरी वाटते. विटाळ धुता तरी येतो. पण जी बाई त्याच जागी, त्याच तारेखाली गेली, तिची इच्छा मागे राहिली असेल तर? मी दहादा तिकडे पाहते. तार नुसती असते, लुगडं लोंबत असतं.

६ ऑगस्ट

दोन तांबे जास्त घेऊन नहाते. अंग टिपत नाही. केसही ओले ठेवते. मोरीपासून चुलीपर्यंतची जमीन पाणी टाकून पुसते आणि ती ओली असतानाच तिच्यावरून जाते. सासूबाई म्हणतात तसं सगळं काटेकोर करते आहे, आणि जेवढं काटेकोर करावं तेवढं ते वाढतंय. परवा दणका असा बसला की मी मागे मोरीच्या कठड्यावर आदळले. तोंडात तांब्याच्या पैशाची चव आली.

एक गंमत लक्षात आली, गंमत म्हणायची तर. एकादशीला उशिरा उठले, ऊन वर आलं होतं, दिवा लावावा लागला नाही, तेव्हा काही झालं नाही. बुधवारीही तसंच. म्हणजे ती अंधारातच येते. सूर्य उगवला की तिचं बळ सरतं. असंच असतं म्हणतात.

यांना म्हटलं, घर बदलू. हे म्हणाले, "हळदीचा हंगाम, लढाईचे दिवस, घर काय झाडाला लागतं? बाई गेली ती काळजाने गेली. तुझं काळीज धडधाकट आहे, मला ठाऊक आहे, कारण ते मला रोज बोलून दाखवतं." यांच्या विनोदांना भीती कळत नाही.

मी लालासाहेबांकडेही शब्द टाकला होता, की तारेच्या जागी बांबू मिळेल का. त्यांचा चेहरा उतरला. "का वं? काय उणं हाय व्हय? माज्या पोराच्या हातचा दिवा, माज्या हातची तार. सयाजी तिकडं बर्माच्या रानात हाय. त्यानं केल्यालं जसंच्या तसं ऱ्हावं असं वाटतंय, दुसरं काय न्हाई." मग मी विषय सोडला. बांबूपायी कुणाच्या पोराला अपशकुन कसा करायचा?

१२ ऑगस्ट

कावळा शिवला म्हणून बाजूला बसले होते, मागच्या पडवीत, पोत्यावर. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. चार दिवस ती तार माझी नव्हती. पहाटेपासूनचं सगळं सासूबाईंवर पडलं.

पहिल्याच पहाटे आत काहीतरी धाडकन पडलं. मी पडवीतून हाक मारली. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "तांब्या पडला. झोप." पण तांब्या घरंगळतो, हे घरंगळलं नव्हतं.

सकाळी पान वाढायला आल्या तेव्हा उजव्या हाताच्या बोटांना हळद-तेल लावलेलं होतं. "तवा लागला," म्हणाल्या. वाढताना हात थरथरत होता. वय झालं त्यांचं.

आज नहाऊन घरात आले आणि सवयीने काठीकडे गेले, तर त्यांनी अडवलं. "उद्यापासून पहाटेचं सोवळं मी करणार. तू त्या तारेला हात लावायचा नाही. स्वयंपाकघरात पायच टाकायचा नाही, उजाडून दिवा मालवेपर्यंत. समजलं?"

समजलं. एवढी वाईट झाले आहे मी. मी शिवले तर तार चावते, मी रांधलं तर देवाला चालत नाही. सासूबाईंनी ओरडून सांगितलं असतं तर एवढं लागलं नसतं. त्यांनी हळू सांगितलं.

२७ ऑगस्ट

गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. सोळा भाज्या सासूबाईंनी एकट्यांनी केल्या. मी उंबऱ्याबाहेर बसून चिरून दिल्या, परकी बाई कामाला बोलवावी तशी. शेजारणी हळदीकुंकवाला आल्या, त्यांनी पाहिलं, मनात काय म्हणायचं ते म्हणाल्या.

यांच्याजवळ रडले. हे म्हणाले, "आई विश्रांती देते आहे, तर तीही तुला टोचते." पुरुषांना विश्रांती आणि वाळीत टाकणं यातला फरक कधी कळायचा नाही.

१४ सप्टेंबर

आज मामंजींचं श्राद्ध, आणि आजच वीज कंपनीचे तपासनीस यायचे होते. लालासाहेब दोन दिवस कासावीस. भाड्याच्या घरांतल्या तारा तपासायच्या असा हुकूम निघालाय म्हणे. "सायबानं खोड काढली की तार तोडून जात्यात. सयाजीला काय तोंड दावू?"

मला वेगळीच धाकधूक. माझे दिवस वर गेले आहेत. अजून कुणाला सांगितलं नाही. सासूबाईंना सांगावं लागत नाही, त्या पडवीतल्या पोत्याकडे बघतात आणि ओळखतात. काल त्यांनी मला न विचारता आवळ्याचा मुरंबा पुढे ठेवला.

तपासनीस चांगला माणूस. वयस्कर, डोक्याला टोपी, हातात पट्ट्याची पिशवी. पुढच्या खोल्या नीट पाहिल्या, खुर्चीवर चढून बटणं उघडली. मग स्वयंपाकघराच्या दाराशी आला, पायात भलेथोरले बूट. "आत बघायचंय," म्हणाला.

आत सासूबाई सोवळ्यात, वड्यांचा घाणा तळत होत्या. वरती तारेवर दोन लुगडी. मी म्हटलं, "साहेब, आज पितर जेवायचेत. कुणाला आत घेता येत नाही."

तो दोन पावलं मागेच सरला. "नको नको. मीही घरी हे करतो. दारातून बघतो. दिवा तेवढा लावून दाखवा." माझा हात उंबऱ्याच्या अलीकडून बटणाला पोचतो. लावला. लागला. "उत्तम," म्हणाला. "कुणाला झटकाबिटका बसतो का इथे? हात लागला तर झिणझिण्या येतात, असं काही?"

 हो म्हणावं असं अगदी ओठांवर आलं. पण परक्या पुरुषासमोर, श्राद्धाच्या दिवशी, भटजी पाटावर बसलेले असताना काय सांगायचं? की तार मलाच चावते, घरात दुसऱ्या कुणाला नाही? आणि का म्हणून विचारलं तर?

तेवढ्यात चुलीपासून सासूबाई म्हणाल्या, "काही नाही. सगळं व्यवस्थित आहे." झारा कढईवर आपटून म्हणाल्या.

माझी अब्रू झाकली त्यांनी. तो गेल्यावर मी त्यांच्या पाया पडायला गेले, तर "लांब हो, सोवळ्यात आहे" म्हणाल्या, आणि पुन्हा तेच, "तारेपासून लांब राहा."

लालासाहेबांनी सगळ्यांना पेढे वाटले.

१८ ऑक्टोबर, पाडवा

दिवाळीत पोरीबाळींनी दाराशी पणत्या लावल्या. आत विजेचा दिवा, बाहेर पणत्या. सासूबाईंनी नमस्कार केला तो पणत्यांना.

त्यांचा हात मी आज नीट पाहिला. मी यांना ओवाळायला निघाले तेव्हा त्यांनी तबक डाव्या हाताने पुढे केलं. उजव्या बोटांच्या टोकांना काळे डाग आहेत, पिकलेल्या केळ्यावर पडतात तसे. विचारलं तर "तवा." इतका तवा लागतो का कुणाला? मला वाटतं त्या प्रायश्चित्त घेत आहेत, माझ्यासाठी काही व्रत धरलंय आणि त्यात बोट भाजून घेतात. असल्या गोष्टी करणाऱ्या बायका वाईला होत्या. मला त्याचीही भीती वाटते आणि लाजही.

हल्ली सोवळं उरकलं की त्या चुलीपुढे नुसत्या बसून राहतात, छातीवर हात ठेवून. चहा गार होतो.

२६ नोव्हेंबर

थंडी पडली, पहाट लांबली. दिवा आता कितीतरी वेळ जळतो. चौथा महिना लागला आहे. ओकाऱ्या थांबल्या, पण पहाटे जाग येते आणि मग आतले आवाज ऐकत पडून राहायचं. पाण्याचा तांब्या. ओली पावलं. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग त्यांचा एक श्वास, कडू औषध घेण्याआधी घ्यावा तसा.

काल त्या कुणाशी तरी बोलत होत्या. दाराला कान लावला. "माझ्यापाशी काय आहे तुला न्यायला?" असं काहीसं. नंतर म्हणाल्या, "इकडे बघायचं. तिकडे नाही."

मामंजींशी बोलत असाव्यात. म्हातारपणी होतं असं. यांना सांगितलं. हे पहिल्यांदाच हसले नाहीत, म्हणाले, "हंगाम संपला की आईला वाईला नेऊन आणू."

११ डिसेंबर

 परवाचं आहे हे.

पहाटे तो श्वास ऐकू आला आणि त्यापुढे दुसरा आलाच नाही. त्याऐवजी एक आवाज आला, घशात अडकलेला, माणसाचा न वाटणारा. मी उठून धावले. दार लोटलं.

सासूबाई तारेखाली उभ्या होत्या. ओलेत्या. उजवा हात वर, तारेला घट्ट मिटलेला. टाचा जमिनीपासून सुटलेल्या. डोळे सताड उघडे माझ्याकडे, आणि सगळं अंग बारीक बारीक हलत होतं, चाळणीत दाणे हलावेत तसं. वर दिवा शांत जळत होता.

मी धावले, दोन्ही हात पुढे गेले, आणि मध्येच थांबले.

का थांबले ते खरं लिहिते. मी पारोशी होते. अंथरुणातून उठलेली, तोंडही न धुतलेली, आणि त्या सोवळ्यात. सोवळ्यातल्या माणसाला पारोशाने शिवायचं नाही, हे कळायच्या आधीपासून हात शिकलेत. ते आपले आपण मागे आले. मनात आलं ते एवढंच, की मी शिवले तर या थंडीत त्यांना पुन्हा नहावं लागेल. माणूस मरतंय आणि मला सुचलं ते हे.

कोपऱ्यात काठी होती. काठी बाटली तर धुता येते. मी ती उचलली, त्यांच्या मनगटाखाली घातली आणि सगळं बळ लावून वर उचकटली. दुसऱ्या खेपेला मूठ सुटली. त्या कोसळल्या त्या दाराच्या बाजूला, कोरड्यात.

मग मी ओरडले. लालासाहेब आले, त्यांनी पुढच्या खोलीतला मोठा खटका पाडला, अंधार झाला. राहीबाई कंदील घेऊन धावत आल्या त्या उंबऱ्याशी थबकल्या, एवढ्या गडबडीतही. मी म्हटलं, "या हो आत. तुमच्या पाया पडते, या." त्या आल्या. त्यांनी तळव्यांना सुंठ चोळली, छाती चोळली, "आईसाब, बगा, डोळं उगडा" म्हणत राहिल्या. हे डॉक्टरांकडे अनवाणी पळाले होते. डॉक्टर येईपर्यंत श्वास चालू झाला होता. चालू आहे. दोन बोटं मात्र कायमची वाकडी राहतील म्हणाले, आणि काळजाला जपायला सांगितलं.

माझ्या पोटातलं आज दुपारी हललं. ओळखीचं हलणं. घाबरले आणि रडले, दोन्ही एकदम.

१५ डिसेंबर

तपासनीस पुन्हा आला, या खेपेला बोलावून. मान खाली. स्वयंपाकघराच्या दाराशी आला आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

सासूबाई आतल्या खोलीत पडून होत्या. तिथूनच म्हणाल्या, "त्यांना येऊ दे आत. बुटांसकट येऊ दे." आवाज एवढासा, पण यांनीही ऐकला. चुलीवर आमटी होती, देव शेजारी होते. तो बुटांनी आत गेला आणि ओल्या जमिनीवर मोठे मोठे ठसे उमटले.

त्याने दांडी खोलली. आतून जाणारी विजेची तार लोखंडाला घासून एका ठिकाणी उघडी पडली होती, बोटाच्या पेराएवढी. दिवा लागला की वीज दांडीत, दांडीतून लालासाहेबांच्या तारेत, तारेतून ओल्या लुगड्यात. "कोरड्या पाटावर उभं राहिलं तर कळणार नाही," म्हणाला. "दिवा बंद असताना तर नाहीच. ओलं अंग, ओली जमीन, लावलेला दिवा, तिन्ही जुळलं की बसलीच." मला आठवलं, मी जमीन ओली ठेवून कशी चालत होते, केस न पुसता. दोन तांबे जास्त.

मग मला म्हणाला, "बाई, तुम्ही त्यांना हात लावला नाहीत हे फार बरं केलंत. लावला असतात तर दोघी गेला असता. काठीचं कुणी शिकवलं?"  काय सांगायचं होतं?

"मागल्या खेपेला आत यायला हवं होतं मी," तो स्वतःशीच म्हणाला.

लालासाहेब बाहेर पायरीवर बसून होते. तपासनीस जे बोलला ते त्यांनी ऐकलं होतं.  "म्हंजी ती बी," म्हणाले. "ती पोटुशी पोर बी माज्याच तारंनं गेली. मानसाला काय काय सांगितलं आमी. काळीज बंद पडलं म्हनून." राहीबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग ते उठले, आत आले, पहिल्यांदाच आमच्या स्वयंपाकघरात आले, आणि तार पकडीने तोडून गुंडाळून घेऊन गेले. तिच्या जागी संध्याकाळपर्यंत बांबू टांगला होता.

सगळे गेल्यावर मी सासूबाईंच्या उशाशी बसले. विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं? तार चावते ते?"

"तू बाजूला बसलीस त्या पहाटेपासून."

"मग साहेबाला का नाही सांगितलंत?"

"भुताला साहेब काय करणार? राहीबाई बोलली ते मी ऐकलं होतं. पोटुशी गेली ती. मला वाटलं तिला सवाष्ण हवी, पोटुशी हवी. तुझं साताऱ्याचं जे गेलं तेव्हाही मी काही करू शकले नाही. मी विधवा. कुंकू नाही, कूस नाही. माझं काय नेणार होती ती? म्हटलं रोज पहाटे माझ्यावरच तिचा राग निघू दे. तुझ्यावर नको."

आणि मी इतके महिने उंबऱ्याबाहेर बसून भाज्या चिरत त्यांना काय काय म्हणत होते, ते या वहीत आहे. खोडणार नाही.

मग त्याच म्हणाल्या, "भूक लागलीय." मी दहीभात आणला. त्यांचा उजवा हात फडक्यात बांधलेला, डाव्याने घास धरवेना, भात पदरावर सांडला. मी तशीच बसून राहिले. सकाळपासूनच्या धावपळीत मी नहाले नव्हते.

"भरव की."

"मी अजून पारोशी आहे," मी म्हटलं.

"त्या दिवशी शिवली नाहीस ते बरं केलंस," सासूबाई म्हणाल्या. "आता शीव."

मी भात कालवला, छोटा घास केला आणि त्यांच्या तोंडाशी नेला.